काठीतल्या सहा रेघा

कृतिका सुई घेऊन आली तेव्हा मी बागेत मुलांना उफणणी शिकवत होते.

शाळेतून निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली, तरी दर शनिवारी सकाळी पिंपळदऱ्याच्या शाळेतली तेवीस मुलं माझ्या संत्र्याच्या बागेत येतात. त्या दिवशी वारा चांगला होता. सूप उंच धरून मी भुसा मिसळलेली तूर हळूहळू खाली सोडत होते.

"हलकं कुठं गेलं?"

"उडालं!"

"आणि जड?"

"पायापाशी!"

"मग आता नायट्रोजन उफणू," मी म्हणाले, आणि कृतिकाकडे पाहिलं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. खांद्यावरची पेटी तिने बांधावर ठेवली.

नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात. बहुतेक सगळे चौदा वजनाचे, आणि हजारात तीन-चार पंधरा वजनाचे. युरिया कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्यामुळे त्यात हलक्या-जडाचं प्रमाण हवेतलंच राहतं. शेणाचं तसं होत नाही. खड्ड्यात शेण कुजताना नाकात जाणारा वास येतो, तो अमोनिया. त्यातून हलके अणू आधी उडून जातात, सुपातल्या भुशासारखे. मागे जड अणू किंचित जास्त उरतात. ते खत जे झाड खातं, त्याच्या लाकडातही तेच प्रमाण उतरतं.

"किंचित म्हंजे किती?" सहावीतल्या पूर्वाने विचारलं. तिला 'किंचित' कधीच चालत नाही.

कृतिका खाली बसली. "हवेत जिथं एक हजार जड अणू, तिथं शेणखतावर वाढलेल्या झाडात एक हजार आठ. माझी सुई ते वरचे आठ मोजते. युरियावरच्या झाडात वरचे जवळजवळ शून्य."

"आन् दोन्ही टाकले तं?"

"मग मध्ये कुठंतरी. तीन, चार."

सुई म्हणजे हातभर लांबीचं, बंदुकीसारखं दिसणारं यंत्र. ते खोडातून केसाएवढी जाड लाकडाची तार ओढून घेतं, ती पेटीत कणाकणाने जाळतं आणि प्रत्येक कणाचं वजन लेझरने वाचतं. आमच्या हवेत संत्र्याच्या खोडात वर्षाचं वलय एरवी नीट उमटत नाही. पण आम्ही झाडांना ताण देतो. डिसेंबरात पाणी तोडायचं, जमीन वाळू द्यायची, पानं मलूल झाली तरी मन घट्ट ठेवायचं. संक्रांतीनंतर पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. तो आंबिया बहार. झाड थांबलेलं असतं त्या दिवसांची लाकडात एक काळसर रेघ राहते. एक ताण, एक रेघ. आमच्याच रीतीने झाडाला तारखा घालायला शिकवलं होतं.

पुढच्या महिन्यापासून संत्री घेणारी कंपनी हीच सुई वापरणार होती. म्हणून मीच कृतिकाला बोलावलं होतं. मुलांना पहिला पाठ माझ्या झाडावर द्यायचा होता.

"या बागेत," मी छाती पुढे काढून म्हणाले, "नऊ वर्षांत रासायनिक खताचा एक दाणा पडलेला नाही. बघा आता."

पेटीच्या पडद्यावर त्या नऊ वर्षांचे आकडे उमटले. आठ. आठ. मग तीन, तीन. आणि पुढची पाच वर्षं पुन्हा आठ.

"मॅडम, हे दोन कमी काहून?" पूर्वाने विचारलं.

कृतिकाने दुसऱ्या झाडाला सुई लावली, मग लांबच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्याला. तिन्ही झाडांत तेच. २०३५ आणि २०३६.

मुलांना मी घरी पाठवलं. सूप कुणीतरी उलटं टाकून गेलं होतं, ते उचललं, आणि बांधावर बसले.

ती दोन वर्षं मला तोंडपाठ होती. नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान गेल्यावर बाग माझ्या अंगावर आली तेव्हा तीत एकशे चाळीस झाडं होती. संत्र्यातलं मला काही कळत नव्हतं. प्रल्हादभाऊ गावंड्यांनी हात धरून शिकवलं. वाळलेल्या फांद्यांची सल कशी काढायची, खोडातून डिंक गळवणारा डिंक्या रोग कसा ओळखायचा, ताण कधी पुरे झाला हे पानाला हात लावून कसं समजायचं. त्यांनीच 'निर्मळ बाग गट' काढला होता. बेचाळीस घरं, नियम एकच: रासायनिक खत नाही. गटाच्या पेटीवरची हिरवी पट्टी दुबईपर्यंत ओळखतात.

दर वर्षी ताण तोडायच्या, म्हणजे झाडांना पुन्हा पाणी सोडायच्या दिवशी सगळा गट भाऊंच्या बागेत जमतो. शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेल्या जीवामृताच्या ड्रममध्ये मूठभर जिवंत माती लागते. ती प्रत्येक जण आपल्या बांधावरून घेऊ शकतो, पण आमच्याकडे ती भाऊंच्या झाडाखालची घेतात, कारण त्यांची बाग सगळ्यांत जास्त भरते. मूठभर माती, आणि ड्रम ढवळायला त्यांच्याच झाडाची छाटलेली काठी. मी ती माती पदरात घेऊन येत असे.

तरी माझी झाडं पिवळी पडत गेली. शेंड्याकडून वाळायची. एकशे चाळीसाची चौसष्ट उरली. मध्ये फक्त दोन वर्षं पानं काळीशार हिरवी झाली, फांद्यांना टेकू द्यावे लागले. भाऊंची माती लागली, असं मी गावभर सांगितलं. शाळेत त्यांना बोलावून शाल-नारळ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम," कृतिका म्हणाली, "यंत्र चुकत असेल. रस थोडाफार इकडेतिकडे सरकतो. नक्की सेंद्रिय असलेलं एखादं लाकूड मिळालं तर पडताळून बघता येईल."

मला हायसं वाटलं. ड्रमला टेकवलेली काठी मी तिच्या हातात दिली, गेल्या जानेवारीत मिळालेली, मनगटाएवढी जाड. "भाऊंच्या झाडाची आहे. याहून नक्की काय असणार?"

जीवामृतात बुडलेला भाग सोडून तिने वरच्या टोकाला, अगदी गाभ्यापर्यंत सुई घातली. काठीत सहा रेघा होत्या.

चार. तीन. चार. चार. तीन. चार.

कृतिका बराच वेळ पेटीचं झाकण पुसत राहिली. पेटी स्वच्छच होती.

"शिकवलंय तुम्हीच," ती शेवटी म्हणाली. "मी काय सांगू?"

"सांग. मला ऐकायचंय."

"शेणखत आणि युरिया. निम्मं निम्मं. दर वर्षी."

*

भाऊ खोडांना बुरशीवरची निळी बोर्डो पेस्ट लावत होते. हात कोपरापर्यंत निळे. मला पाहून त्यांनी ब्रश बादलीत ठेवला.

"या ताई! बसा. चहा सांगू का?"

मी काठी त्यांच्यापुढे धरली. "सुई लावली हिला."

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते काहीतरी नाकारतील, रागावतील, यंत्राला शिव्या देतील असं मला वाटलं होतं. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी फक्त निळे हात धोतराला पुसले.

"किती निंगालं?"

"चार. तीन. चार."

"बरोबर हाय मंग सुई," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं, आणि समजावून सांगितलं, जसं ते मला नेहमी सांगत. म्हणूनच ते ऐकणं अवघड होतं.

"पंधरा वर्सं झाली ताई. एक साहेब आलता, त्यानं माह्याच बागेत तीन ओळी लावल्या. एकीले नुसता युरिया. चार वर्सं जोरात, मंग जमीन अशी टणक झाली का कुदळ वाजे. एकीले नुसतं शेणखत. जमीन लोण्यावानी, गांडूळ लय, पण झाड उपाशी. काहून, तं ताण तोडला का झाडाले तीन हप्त्यात सारं पाह्यजे, फूल बी, पालवी बी. शेणखत देते तीन महिन्यानं. आन् शेण हाय किती गावात? अठरा गाई. घरटी चाळीस गाड्या टाकता आल्या असत्या तं गोष्ट अलग होती."

"आणि तिसरी ओळ?"

"निम्मं-निम्मं. युरिया म्हंजे गुळाचा खडा, लगेच ताकद. शेणखत म्हंजे भाकर. खतातले जीव युरिया धरून ठेवते, वाहू देत नाई, आन् मंग झाडाले हळूहळू वाढून देते. जमीन बी लोण्यावानी, झाड बी पोट भरून. तवापासून मी तसंच करतो."

ते झाडाकडे बघून बोलत होते. त्या झाडाची पानं इतकी हिरवी होती की जवळजवळ काळी दिसत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमाले कसं सांगू? तुमच्या तोंडात तीळ भिजत नाई. तुमी शनिवारी पोरायले सांगतलं असतं, सोमवारी गावाले."

"गटात आणखी कुणाला ठाऊक आहे?"

त्यांनी बादलीतला ब्रश उचलून पुन्हा ठेवला.

"भाऊ, किती जणांना?"

"साऱ्यायले."

मी खाली बसले. समोरच्या आळ्यात माती भुसभुशीत होती. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. सगळ्यांना म्हणजे गटातल्या शकूलाही. शकू कडूला, जी माझ्या मेलेल्या झाडांचं सरपण नेताना दर वेळी म्हणायची, 'हात लागते ताई एखाद्याचा, नाई लागत एखाद्याचा.' नऊ वर्षं मी माझ्या हाताकडे बघत आले होते.

मग दुसरी गोष्ट सुचली. ती सुचायला इतका वेळ लागला याची मला अजून लाज वाटते. युरियाचा अंश फळात सापडत नाही. नायट्रोजन तो नायट्रोजनच. म्हणून कंपनीचे तपासणीवाले दर वर्षी गटातल्या एका बागेत येऊन कोठार बघायचे, माती बघायचे, मालकाला प्रश्न विचारायचे. ती नमुना बाग. आणि ती बाग दर वर्षी माझीच असायची. मी त्यांना चहा द्यायची, ड्रम दाखवायची. मुलांनी केलेली गांडुळांची मोजणी दाखवायची. 'या बाईंच्या डोळ्यांतच दिसतं,' असं एकदा एक तपासनीस म्हणाला होता. भाऊ माझ्या मागेच उभे होते.

"तुम्ही मला नमुना केलंत," मी म्हणाले. "बेचाळीस घरांत एक बाग खरीच उपाशी हवी होती."

"तसं मनात नवतं ताई पहिले."

"मग ती दोन वर्षं? माझ्या बागेत कुणी टाकला?"

"मीच. तुमी ट्रेनिंगले गेल्या होत्या ना पुण्याले, दोन्ही साल, ताण तोडला का लगेच. झाडं मरून रायली होती. पाहवलं नाई."

"झाडांकडे पाहवलं नाही, भाऊ, की नमुना मरेल म्हणून?"

त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे गेलंय हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. खरं सांगायचं तर, दोन्ही असणार. आणि दोन्हीपैकी कुठलं जास्त, हे त्यांनाही ठाऊक नसणार.

"शाल घेतलीत तुम्ही," मी म्हणाले. "मुलांच्या हातून."

"ते चुकलं," ते म्हणाले. सगळ्या बोलण्यात तेवढंच त्यांनी चुकलं म्हटलं.

मी उठले, तसे ते मागे आले. आवाज उतरला होता. "ताई, पुढच्या महिन्यात सुई येईन. एकाच बागेत लावतीन, नमुन्याच्या. तुमच्या कवळ्या फांदीले लावाले सांगू, चारपाच वर्साच्या. तिच्यात त्या दोन रेघा नाई येत. सारे आठ. कृतिका तुमचंच ऐकते. एवढं वरीस ताई. बेचाळीस घरं हायेत."

"म्हणजे या वर्षीही मी माझ्या झाडांना काही द्यायचं नाही."

"एवढंच वरीस."

चौसष्ट झाडं ताणावर उभी होती. पाच दिवसांनी पाणी सोडायचं होतं, आणि पाण्याबरोबर जे मिळेल त्यावर त्यांचं पुढचं ठरणार होतं. आणखी एक उपाशी बहार त्यातली निम्मी झाडं झेलणार नव्हती. हे मला ओळखायला ज्यांनी शिकवलं, तेच समोर उभे होते.

*

ताण तोडायच्या दिवशी सकाळी सगळा गट भाऊंच्या बागेत जमला. सतरंजी अंथरली होती, घमेल्यात माती चाळून ठेवली होती, शेजारी काठ्यांचा भारा. मी गेले तेव्हा बोलणं थांबलं. पाच दिवसांत गावात कुणीच माझ्याशी नीट बोललं नव्हतं; सगळ्यांना कळलं होतं की मला कळलंय.

माझं नाव पुकारलं. भाऊंनी मूठ भरून पुढे केली. मी पदर पसरला नाही.

गेल्या वर्षीची काठी त्यांच्या भाऱ्यावर ठेवली आणि म्हणाले, "काल मी माझ्या फाटकावर पाटी लावली. 'या बागेत शेणखत आणि युरिया दोन्ही घालतो.' खाली किती, ते लिहिलंय. माझी बाग आता नमुन्याला चालणार नाही. दुसरी निवडा."

शकू म्हणाली, "तुमाले पेन्शन हाय ताई. तुमचं काय जाते पाटी लावाले?"

"शहात्तर झाडं गेली शकू. सरपण तूच नेलंस."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "मंग आता कोनाची बाग दाखवाची?" आणि बेचाळीस घरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. दाखवण्यासारखी एकही नव्हती.

"आपण दुसरी पट्टी काढू शकतो," मी म्हणाले. "आपण जे करतो तेच लिहिलेली. जमिनीला चांगलं आहे, झाडाला चांगलं आहे, लपवायचं काय त्यात? भाव थोडा कमी येईल."

"बोलणं सोपं हाय," शकूचा नवरा म्हणाला.

भाऊंची मूठ अजून तशीच पुढे होती. बोटांच्या फटीतून माती गळत होती. काळी, मोकळी, फार चांगली माती. मी निघाले. फाटकापर्यंत वाटत होतं की मागून कुणीतरी 'ताई' म्हणेल. नऊ वर्षं त्या बागेतून मी कधी एकटी परतले नव्हते. कुणी ना कुणी माझी माती धरायला बरोबर असायचं.

*

शनिवारी मुलं आली. फाटकावरची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली. पूर्वाने दोनदा वाचली.

"मॅडम, मंग पहिले तुमी खोटं शिकवलं होतं?"

"हो," मी म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं, तरी खोटंच. तुमच्या वहीत जिथं 'एक दाणा नाही' लिहिलंय, तिथं रेघ मारा. खोडू नका. खाली आजची तारीख टाकून नवीन लिहा."

माझ्या झाडांचं पाणी मी मुलांसाठी दोन दिवस थांबवलं होतं. मग आम्ही खत घातलं. झाडाची दुपारची सावली जिथे संपते तिथे चारी बाजूंनी उथळ चर, बुडाशी नाही. खाणारी मुळं तिथे कडेला असतात. दर झाडाला दोन घमेली शेणखत, त्यावर तीनशे ग्रॅम युरिया, वर माती, मग पाणी. उरलेला तीनशे ग्रॅम फळ वाटाण्याएवढं झाल्यावर. तराजूवर मुलांनी दर वेळी काटा नीट थांबू दिला. दीड महिन्यापासून कोरड्या असलेल्या जमिनीत पाणी शिरताना बारीक आवाज येतो. तो ऐकायला सगळी मुलं आळ्याशी उकिडवी बसली.

कृतिकाही आली होती. तिला मी विचारलं, "पुढच्या वर्षीची माझी रेघ किती येईल?"

"तीन. चार."

"आणि भाऊंची?"

"तेवढीच."

"यंत्राला दोन्ही बागांत फरक कळेल?"

"नाही मॅडम. काहीच नाही कळणार."

मी मुलांना पत्र्याचे चौसष्ट तुकडे दिले आणि खिळ्याने त्यावर तारीख, शेणखत, युरिया कोरायला सांगितलं. प्रत्येक झाडाला एक, फांदी आवळणार नाही अशा सैल तारेने. मुलं ठोकायला बसली. ठोकण्याचा आवाज भाऊंच्या बागेपर्यंत जात असणार, कारण पलीकडच्या बांधावर ते निळे हात घेऊन उभे होते, आणि बराच वेळ उभे राहिले.